मित्रमैत्रिणींनी मिळून मुलांच्या उन्हाळी शिबिरात काम करायचं असेल तर

मे महिन्यात पाच-सहा मित्रमैत्रिणींनी मिळून बालगृहातल्या मुलांच्या शिबिरात काम करायचं मनात असेल, तर तयारीला जानेवारीतच लागा. एप्रिलमध्ये फोन करून ‘आम्ही येऊ का?’ विचारणाऱ्यांना चांगल्या संस्था नाही म्हणतात, आणि ते योग्यच आहे. मी कुडाळची, एका पतपेढीत नोकरी करते. आमच्या गटात एक एसटी कंडक्टर आहे, एक परिचारिका आहे, एक गणिताचा मास्तर, खानावळ चालवणारी मैत्रीण आणि तिचा नवरा. सगळे एकाच कॉलेजातले. मालवण आणि देवगडच्या मधल्या किनाऱ्यावर, सुट्टीत रिकाम्या असलेल्या एका शाळेत हे शिबिर भरतं. तिथं बरीच वर्षं राबून जे कळलं, ते दुसऱ्या एखाद्या मित्रमंडळाच्या कामी यावं म्हणून लिहिते आहे.

आधी मुलांविषयी. शिबिराला येणारी सगळी मुलं एकाच परिस्थितीतली नसतात. काही बालगृहात राहतात. काही आजीकडे किंवा मामाकडे वाढतात आणि त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये येतात. थोडी मुलं फोस्टर केअरमध्ये, म्हणजे बाल कल्याण समितीने ठरवून दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात असतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार लग्न न झालेली किंवा एकटी राहणारी व्यक्तीसुद्धा असं मूल सांभाळू शकते. यांतल्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. म्हणून ‘अनाथ’ हा शब्द शिबिराच्या फलकावर, पत्रकात, बोलण्यात कुठेही येऊ देऊ नका. मूल वाचतं, आणि त्याच्या मनात घरी असलेल्या आईचा तो अपमान होतो.

आणखी एक गोष्ट नव्या माणसांच्या लक्षात येत नाही. मुलग्यांची आणि मुलींची बालगृहं वेगळी असतात. त्यामुळे सख्खे भाऊ-बहीण दोन गावांत वाढतात आणि शिबिराचा आठवडा हाच त्यांचा एकत्र राहण्याचा काळ ठरतो. वेळापत्रक करताना अशा भावंडांसाठी रोज तासभर राखून ठेवा. त्या तासात खेळ नको, गाणी नकोत, स्वयंसेवकांची लुडबुडही नको. त्यांना पायरीवर बसून करवंदं खाऊ द्या. दुरून नजर असली म्हणजे झालं.

संस्था आणि कागद

स्वतःचं वेगळं शिबिर काढायच्या फंदात पडू नका. नोंदणी झालेल्या संस्थेच्या हाताखाली काम करा. बालगृहाची नोंदणी अधिनियमाच्या कलम ४१ खाली झालेली असावी लागते, आणि प्रमाणपत्र बघायला मागितलं तर नीट चालणारी संस्था ते आनंदाने दाखवते. कुठे विचारायचं हे माहीत नसेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा. सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला जायचं, बाकीच्यांनी रत्नागिरी, अलिबाग असं आपापल्या जिल्ह्याच्या ठिकाणी. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली माणसं कामाच्या ओझ्याखाली असतात. जाताना गटाची एक पानी माहिती छापून न्या: कोण, काय काम करतो, किती दिवस देऊ शकतो.

मुलांना संस्थेबाहेर मुक्कामाला न्यायचं तर बाल कल्याण समितीची लेखी परवानगी हवी. ती संस्थेने मागायची असते. आपल्या बाजूने प्रत्येकाची पोलीस चारित्र्य पडताळणी, ओळखपत्राची प्रत आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण त्यानंतर पोलीस ठाण्यात खेप होतेच, म्हणून ते जानेवारीत उरका. संस्थेचं बाल संरक्षण धोरण सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने वाचा आणि मग सही करा. एखादा मित्र म्हणाला, ‘आपल्याला कशाला हवं हे सगळं, आपण काय परके आहोत का?’ तर त्याला प्रेमाने पण ठामपणे सांगा की त्या मुलांसाठी आपण परकेच आहोत.

पैशाचं थोडक्यात: देणग्या स्वतःच्या खात्यात घेऊ नका. देणगीदार थेट संस्थेला देईल आणि पावती घेईल.

प्रवासासाठी संस्थेच्या पत्रावर एसटीची प्रासंगिक कराराची गाडी ठरवणं सगळ्यात बरं. मेमध्ये चाकरमान्यांच्या गर्दीत कोकण रेल्वेने चाळीस मुलं आणायची तर आरक्षण उघडतं त्याच दिवशी, म्हणजे ६० दिवस आधी, सकाळी आठला खिडकीवर किंवा मोबाइलवर बसावं लागतं. गाडी कुठलीही असो, घाटात आणि किनाऱ्यावरच्या वळणांत निम्मी मुलं ओकतात. पिशव्या, पाणी, आलेपाक आणि प्रत्येक मुलासाठी एक जादा शर्ट हाताशी ठेवा. एरवी दंगा करणारा मुलगा उलटी झाल्यावर शरमेने गप्प होतो. त्याच्याशेजारी बसून खिडकी उघडून देणारा माणूस त्याला आठवडाभर आपला वाटतो.

मित्र म्हणून जाण्यातलं बळ, आणि त्यातला धोका

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि यावर कुणी फारसं बोलत नाही.

आम्हाला एकमेकांच्या चेहऱ्यावरून कळतं की कोण दमलंय. कंडक्टर मित्राचा आवाज चढायला लागला की परिचारिका मैत्रीण त्याला ‘जरा कळशी उचलायला ये’ म्हणून हाक मारते. तो जातो. दहा मिनिटांनी हसत परत येतो. अनोळखी स्वयंसेवकांच्या गटात एवढं सहज होत नाही. शिवाय मुलं हे सगळं बघत असतात. त्यांच्या आयुष्यातली मोठी माणसं सारखी बदलत आलेली असतात: अधीक्षक बदलले, काळजी घेणारी ताई नोकरी सोडून गेली, शाळा बदलली, गाव बदललं. दोन मोठी माणसं भाताच्या अंदाजावरून कडकडून वाद घालतात आणि संध्याकाळी एकत्र भांडी घासतात, हे त्यांना नवीन असतं. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘तुम्ही भांडलात तरी ती मावशी परत तुमच्याशी कशी बोलली?’ मी म्हटलं, ‘आम्ही नेहमी भांडतो. भात मात्र तिचाच बरोबर निघाला.’ ती बराच वेळ विचार करत होती.

पण हाच गट घोळका झाला की मुलांसमोर भिंत उभी राहते. कॉलेजातली टोपणनावं, जुने किस्से, अर्धवट बोलून पिकणारा हशा हे सगळं मुलांना बाहेर ठेवतं. कोण कुणाचं आहे हे ओळखण्यात ही मुलं फार तरबेज असतात, आणि ‘ही माणसं एकमेकांना भेटायला आली आहेत’ असं त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं तर उरलेला आठवडा फुकट. म्हणून आमचे काही नियम आहेत. जेवताना दोन स्वयंसेवक शेजारी बसत नाहीत. नवरा-बायको वेगवेगळ्या तुकड्यांवर. मोबाइल दिवसभर कार्यालयातल्या कपाटात. गप्पांची हौस शिबिर संपल्यावर, कुडाळच्या खानावळीत.

प्रत्येकाकडे चार-पाच मुलांची एक तुकडी द्या आणि ती शेवटपर्यंत बदलू नका. ‘माझं त्या मुलाशी जमत नाही, तू घे’ असं म्हणायची सोय ठेवू नका. त्या मुलाने हे वाक्य आधी ऐकलेलं असतं.

कुणाला आणू नये, हेही सांगते. ज्याला फक्त शनिवार-रविवार जमतो त्याला तुकडी देऊ नका. तो स्वयंपाकघरात, पाण्यावर किंवा बाजारहाटीला उपयोगी पडतो आणि तिथे त्याचे मनापासून आभार माना. ज्याला सारखं ‘बिचारी पोरं’ म्हणत डोळे पुसावेसे वाटतात त्याला या वर्षी थांबायला सांगा. आणि ज्याच्या स्वतःच्या घरात नुकतंच काही मोठं दुःख झालं आहे त्यालाही. मुलांना आपलं दुःख सांभाळायला लावणं बरं नाही.

पहिली संध्याकाळ

गाडीतून उतरल्याबरोबर स्वागतगीत, भाषणं, गुलाबपाणी नको. मुलांना आधी चार गोष्टी दाखवा: संडास कुठे, रात्री दिवा कसा लावायचा, पाणी कुठे, आणि तुम्ही कुठे झोपणार. मग फळ्यावर दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहा, प्रत्येक वेळेसमोर स्वयंसेवकाचं नाव घालून. फळ्यावर लिहिलं तसंच करा. साडेचारला चहा म्हटलं तर साडेचारलाच चहा. आमचा मास्तर या बाबतीत फार कडक आहे आणि मुलं त्याच्यावरच सगळ्यात जास्त विसंबतात.

मुलांनी दादा, ताई, मावशी, काका म्हणायला हरकत नाही. एखादं लहान मूल ‘आई’ म्हणून हाक मारेल. दचकू नका, रागवू नका आणि त्या हाकेला आई होऊन उत्तरही देऊ नका. ‘मी मावशी. बोल बाळा’ एवढं पुरतं.

‘तुझे आईबाबा कुठे असतात?’, ‘तू इथे कसा आलास?’ हे विचारायचं नाही. विचारायला इतर पुष्कळ आहे. भात आवडतो की भाकरी, पोहता येतं का, रात्री कुठल्या कुशीवर झोपतोस, आंबा चोखून खातोस की कापून. सुरुवातीच्या दिवसांत मुलं तुम्हाला तपासतात. वस्तू फेकतील, शिवी देतील, निघून जातील. एवढंच बघायचं असतं की हा माणूस उद्या दिसतो का. ‘मावशी, उद्या तू आसतलंस मां?’ या प्रश्नाला ‘हो, शुक्रवारपर्यंत. शनिवारी सकाळी आपण सगळे निघणार’ असं पूर्ण, खरं उत्तर द्या.

जेवणाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खानावळवाल्या मैत्रिणीने आम्हाला हे शिकवलं. काही मुलं भाकरी, केळी, बिस्किटं उशीखाली लपवतात. कधीकाळी उपाशी राहिलेलं मूल पोट भरलं तरी साठा करतं. त्याला चोरी म्हणू नका, झडती घेऊ नका. पण कोकणात उशीखालच्या बिस्किटाला तासाभरात मुंग्या लागतात, आणि मग बाकीची मुलं चिडवतात. म्हणून आम्ही प्रत्येकाला घट्ट झाकणाचा एक लहान डबा देतो, त्यात शेंगदाण्याचा लाडू आणि चणे. रिकामा झाला की भरून मिळतो, कारण विचारलं जात नाही. तीन-चार दिवसांनी बरेच डबे भरलेलेच राहतात.

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणचं, दुपारी भात-आमटी-भाजी, संध्याकाळी आंबोळ्या किंवा घावणे, दिवसभर कोकम सरबत. मासे सगळ्यांना आवडतात हे गृहीत धरू नका, घाटावरून आलेल्या मुलांना वासही सोसत नाही. आंबे डागी घ्या, ओळखीचे बागायतदार स्वस्तात किंवा फुकट देतात. काजूच्या ओल्या बिया मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, टरफलातल्या तेलाने ओठ आणि बोटं भाजतात. मेमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हा पाणी किती पुरेल ते शाळेच्या शिपायाला आधी विचारा आणि पिण्याचं पाणी उकळूनच द्या. जेवण रोखणं ही शिक्षा कधीही नको, कितीही मोठा गुन्हा असला तरी. हात उगारणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. रागावलेल्या मुलासाठी व्हरांड्याच्या टोकाला चटई, पाण्याचा तांब्या आणि मातीचा गोळा ठेवा. तिथे त्याला पाठवायचं नाही, हवं तर तो जाईल. तुम्ही चार हात अंतरावर बसून राहा.

खेळ निवडतानाही विचार करा. डब्बा ऐसपैस काही मुलांना अतिशय आवडतो, कुणीतरी आपल्याला शोधत येतं याचा आनंद होतो. काहींना लपायची भीती वाटते. त्यांना डब्याजवळ राखणीला ठेवा. लगोरी सगळ्यांना चालते. पाडायला आणि रचायला दोन्हीला माणसं लागतात. बक्षिसं आणि पहिला-दुसरा नंबर आम्ही काढून टाकले.

बऱ्याच मुलांच्या कागदावर जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना कुणीतरी तीच टाकलेली असते. एका संध्याकाळी सगळ्यांचाच वाढदिवस करतो. त्या दिवशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात. साचा दाबायला दोन मुलं लागतात, नारळाचा रस काढायला चार, गूळ किसायला दोन. केकपेक्षा यात जास्त हात गुंतले जातात.

समुद्र

किनाऱ्यावर शिबिर आहे आणि मुलांना समुद्रात न्यायचं नाही, असं करू नका. यांतल्या कित्येकांनी तो पाहिलेलाच नसतो. पण समुद्राच्या बाबतीत चुकीला जागा नाही.

भरती-ओहोटीचा जुना हिशोब सगळ्या स्वयंसेवकांना पाठ हवा: तिथीला पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी. हा अंदाज आहे. त्या किनाऱ्याची खरी वेळ तिथल्या गाबीत मच्छीमाराला विचारा, आणि तो ‘आज नको’ म्हणाला की विषय संपला. उधाणाच्या दिवसांत आणि पाणी ओसरत असताना मुलांना उतरवू नका, ओसरतं पाणी आत ओढतं. खाडीच्या मुखाजवळ कधीच नाही, तिथला तळ रोज बदलतो.

उतरायचं ते सकाळी सव्वासहा ते साडेआठ. नंतर वाळू तापते. तीन मुलांमागे एक मोठा, गुडघ्याच्या वर पाणी नाही, मुलांची जोडी ठरलेली, सगळ्यांना एकाच भडक रंगाची टोपी. दोन मोठी माणसं मुलांच्या पलीकडे, समुद्राकडे पाठ करून उभी राहतात आणि एक किनाऱ्यावर फक्त डोकी मोजतो. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. गावातला एक पट्टीचा पोहणारा मानधन देऊन सोबत ठेवा. शिट्टी एकदा वाजली की जोडीदाराचा हात धरायचा, दोनदा वाजली की बाहेर. हे आधी मैदानात खेळ म्हणून करून घ्या. जेलीफिश वाळूत मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लाटा वाढतात आणि वळवाचे ढग अचानक येतात. ढग गडगडला की वाळूवर थांबायचं नाही, थेट शाळेत. शक्यतो शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्या.

पाण्यात न उतरताही समुद्र भेटतो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर रापणकरांना विचारून मुलांना दोरीला लावा. लांबच लांब जाळं दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात, आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो. आमच्या मुलांना मूठ-मूठ पेडवे, म्हणजे लहान मासे, मिळाले तेव्हा एका मुलाने ते दुपारपर्यंत कुणालाही शिजवू दिले नाहीत. त्याने कमावलेले होते. खराब होतील म्हणून मैत्रिणीने बर्फाची सोय केली आणि संध्याकाळी त्यानेच ते सगळ्यांना वाढले.

किनाऱ्यापेक्षा कातळावर जास्त जपा. चिऱ्यांच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालायचा नाही, अनवाणी जायचं नाही, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. फुरसं लहान असतं, पायाशी असूनही दिसत नाही. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता मुलाला आडवं ठेवा आणि १०८ ला फोन करा. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून मुलं वाचू लागली, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोहोचायला हवं. सर्पदंशाची लस आणि हे औषध जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे, रात्री डॉक्टर असतात का, रस्ता किती वेळाचा, हे शिबिराच्या आधी प्रत्यक्ष जाऊन बघा. आमची परिचारिका ते काम स्वतः करते आणि एक रिक्षा रात्रभर शाळेच्या आवारात उभी करून ठेवते.

रात्र

दिवस मुलांचा बरा जातो, रात्र अवघड असते. लाटांचा आवाज, पालीची चुकचुक, वळवाच्या वाऱ्याने गेलेली वीज. काही मुलांना अंधारापेक्षा बंद दाराची भीती वाटते. दार उघडं, कंदील लावलेला आणि दाराशी दोन मोठी माणसं जागी, असा पहारा पाळीपाळीने ठेवा. मुलींच्या खोलीशी दोन्ही बायकाच.

कुणीही मोठं माणूस एकाही मुलासोबत बंद जागेत एकटं नको. हा नियम मुलाच्या रक्षणासाठी आहे आणि तो मित्रालाही लागू आहे, परिचारिकेलाही. मिठी मुलाने मागितली तर बाजूने, सगळ्यांदेखत. मांडीवर घेणं नाही.

अंथरूण ओलं होणं हे नेहमीचंच धरून चला. प्लॅस्टिकची चादर सगळ्यांच्याच गादीवर घाला, म्हणजे एकट्याची उठून दिसत नाही. जादा चादरी आणि पँटी दाराजवळच्या टोपलीत ठेवा. पहाटे मूल आपणहून बदलेल, तुम्ही फक्त ओली चादर उचला. मेच्या उन्हात नऊपर्यंत वाळते.

रात्रीच मुलं बोलतात. एखादं मूल असं काही सांगेल की तुमचे हातपाय गळतील. तेव्हा ऐका. खोदून विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका माणसाला सांगावं लागेल’ असं म्हणा, आणि मग त्याच्याच शब्दांत लिहून काढा, तारीख-वेळ घालून. त्याच रात्री संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्था टाळाटाळ करते असं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करा. मित्रमंडळात मात्र त्याची चर्चा करायची नाही. ज्याला कळलं त्याने एका व्यक्तीला सांगायचं, बास.

मुलं झोपल्यावर ज्यांचा पहारा नाही त्यांनी वीस मिनिटं स्वयंपाकघराच्या पडवीत बसा. कोण दमलं, उद्या कोण अर्धा दिवस विश्रांती घेणार, कोणतं मूल आज जेवलं नाही. एवढंच बोला आणि झोपा.

फोटो

काढू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा काहीही प्रसिद्ध करता येत नाही, आणि तसं करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटसही त्यात आलं. पाठमोरा फोटोसुद्धा गावातलं माणूस ओळखतं. संस्थेला नोंदीसाठी हवे असतील तर संस्थेचा माणूस संस्थेच्या कॅमेऱ्याने काढेल. देणगीदाराला दाखवायचं असेल तर मुलांनी काढलेली चित्रं दाखवा, नाव न घालता, आणि त्या मुलाला विचारून.

निरोप

निरोप तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. फळ्यावर उरलेले दिवस लिहा. ‘परवा ही वेळ झाली की आपण सामान भरत असू’ असं सहज बोलत राहा. अचानक संपलेल्या गोष्टी या मुलांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. शेवटच्या दोन दिवसांत भांडणं वाढतील, तुमच्या सगळ्यात जवळ आलेलं मूलच तुमच्याशी तुटक वागेल. त्याला दोष देऊ नका, तुम्ही मात्र रोजच्यासारखंच वागा.

‘मी तुला भेटायला येईन’ हे कुणीही म्हणायचं नाही. फोन नंबर द्यायचा नाही. एका मुलाला एकट्याला भेटवस्तू द्यायची नाही, सगळ्यांना सारखंच. आम्ही प्रत्येकाला एक वही देतो: तुकडीतल्या सगळ्यांनी काढलेली चित्रं, शिरवाळ्यांची कृती, भरतीचा हिशोब, आणि स्वयंसेवकाने त्या मुलाबद्दल लिहिलेलं एक पान. ‘तू छान आहेस’ असलं मोघम लिहू नका. ‘मंगळवारी दोरी ओढताना तू लहान मुलाला पुढे घेतलंस’ असं लिहा. ते खरं असतं आणि कुणी काढून घेऊ शकत नाही. भावंडांच्या वह्यांत एकमेकांनी लिहिलेलं पानही ठेवा.

गाडी सकाळी न्याहारीनंतर सोडा. संध्याकाळी सोडली तर दिवसभर रडारड चालते. आणि एकही स्वयंसेवक आदल्या रात्री निघून जाणार नाही, काहीही काम असो. हे गटात जानेवारीतच ठरवून घ्या.

नंतर पत्र लिहायचं तर संस्थेच्या पत्त्यावर, अधीक्षकांमार्फत, तुकडीतल्या सगळ्यांना सारखंच, आणि ठरल्या महिन्यांत: आम्ही गणपतीत आणि दिवाळीत लिहितो. पुढच्या वर्षी शक्यतो तीच माणसं या. नवा मित्र घ्यायचा तर एकच, आणि त्याला पहिलं वर्ष स्वयंपाकघरात.

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की बालगृह सुटतं. काहींना अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या गृहात, एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं, काही खोली घेऊन कामाला लागतात. त्यांतल्या कुणी विचारलं, ‘आता मी मदतीला येऊ का?’ तर हो म्हणा. लहान मुलं त्यांचं जितकं ऐकतात तितकं आपलं ऐकत नाहीत. कागद मात्र त्यांच्यासाठीही तेच: पडताळणी, दाखला, धोरणावर सही. अर्जाची फी आणि येण्याजाण्याचं भाडं आमचा गट भरतो, आणि पहिल्या वर्षी त्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवत नाही.